स्पीकर बदलण्याआधी एक ओळ बदला

टीव्हीच्या मेनूत, ध्वनीच्या पानावर बरेच खाली गेले की 'डिजिटल साउंड आउटपुट' किंवा तशाच नावाची एक ओळ सापडते. ती उघडली की पीसीएम, ऑटो, बिटस्ट्रीम, पासथ्रू असे तीन-चार पर्याय दिसतात. दसरा-दिवाळीच्या खरेदीत घरात साउंडबार येतो किंवा पाच स्पीकर आणि सबवूफरचा होम थिएटर संच येतो. दुकानाचा माणूस वायर जोडतो, आवाज येतोय ना एवढे पाहतो आणि निघून जातो. ती ओळ कारखान्यातून आली तशीच राहते. मग थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. संवाद नीट कळत नाहीत, मारामारी सुरू झाली की आवाज कमी करायला धावावे लागते, मागचे स्पीकर तर बोलतच नाहीत. दोष कधी स्पीकरला दिला जातो, कधी चित्रपटाला, तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत थेट त्यांच्या कानांना. यातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ त्या दुर्लक्षित ओळीत असते, असे माझे ठाम मत आहे. आणि त्या ओळीत काय निवडायचे हे ठरवायला एक कसोटी पुरते: ध्वनीचे गाठोडे शक्यतो एकदाच सुटावे, आणि जिथे स्पीकर जोडलेले आहेत तिथेच सुटावे.

हे गाठोडे कशाचे, ते आधी पाहू. आजच्या चित्रपटाचा ध्वनी घरापर्यंत येतो तेव्हा साधारणपणे त्याचे सहा वेगळे प्रवाह असतात. समोर डावा, उजवा आणि मधला. बाजूंना किंवा पाठीमागे दोन. आणि सहावा फक्त घुमणाऱ्या खालच्या स्वरांसाठी. सहाव्याचा पल्ला १२० हर्ट्‌झपर्यंतच असतो, म्हणून त्याला पूर्ण वाटा न देता '.१' लिहितात. ५.१ हा आकडा आला तो असा. हे सहा प्रवाह अजिबात न दाबता पाठवायचे ठरवले, तर सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, अशा हिशेबाने सेकंदाला सुमारे ४६ लाख बिट लागतात. सोनी आणि फिलिप्स यांनी सीडीच्या जमान्यात आखलेली जी जोडणी आपण आज ऑप्टिकल वायर म्हणून वापरतो, ती दोन प्रवाहांसाठी होती. सहा त्यात मावत नाहीत. ध्वनी दाबून बांधण्याच्या पद्धतींनी ही अडचण सुटली. डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर चित्रपटगृहांत आले आणि पुढच्याच वर्षी 'ज्युरासिक पार्क'बरोबर डीटीएस आले. डीव्हीडीवर डॉल्बी डिजिटलचे सहाही प्रवाह सेकंदाला जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार बिटांत बसवले जात, म्हणजे मूळच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात. बांधलेले हे गाठोडे जसेच्या तसे पुढे पाठवणे म्हणजे बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू. ते आधीच सोडून सुटे आकडे पाठवणे म्हणजे पीसीएम.

आता टीव्हीवर पीसीएम निवडलेले असेल आणि साउंडबार ऑप्टिकल वायरने किंवा साध्या एआरसीच्या (टीव्हीचा ध्वनी बाहेर नेणाऱ्या) एचडीएमआय वायरने जोडलेला असेल, तर काय घडते? टीव्ही गाठोडे सोडतो, पण पुढची वाट दोघांचीच असल्यामुळे सहांना दोनांत बसवतो. याचे नियम ठरलेले आहेत. मधल्या प्रवाहाची पातळी तीन डेसिबलने उतरवून तो डाव्या-उजव्या दोघांतही मिसळायचा, बाजूचे प्रवाह तसेच उतरवून आपापल्या बाजूला मिसळायचे, आणि सबवूफरचा प्रवाह बहुतेक वेळा सोडूनच द्यायचा. हे मिश्रण साउंडबारकडे पोचते. त्याच्याकडे मधला स्पीकर असतो, मागचे असतात, वूफर असतो, पण त्यांना द्यायला मुळातले काही उरलेले नसते. मग तो अंदाजाने पुन्हा सहा वाटे पाडतो. हा अंदाज कितीही चतुर असला, तरी एकदा दळून एक झालेल्या पिठातून ज्वारी आणि बाजरी वेगळी काढता येत नाही. ग्राहकाने सहा स्पीकरांचे पैसे मोजलेले असतात आणि ऐकायला मिळतो दोन प्रवाहांवरून बांधलेला तर्क.

यात सर्वांत मोठे नुकसान संवादांचे होते, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. सराउंड म्हटले की डोळ्यांसमोर पाठीमागून घोंघावत जाणारे हेलिकॉप्टर येते. घरात मात्र सराउंडचा खरा लाभ समोरून येणाऱ्या बोलण्याला होतो. चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणात संवाद बहुतांशी मधल्या प्रवाहात ठेवलेले असतात, तर पार्श्वसंगीत आणि आसपासचे आवाज बाकीच्यांत पसरलेले असतात. मधला प्रवाह वेगळा पोचला, की साउंडबारच्या किंवा होम थिएटर संचाच्या रिसीव्हरच्या मेनूत त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवता येते. बाकी सगळे जिथल्या तिथे राहते आणि बोलणे पुढे येते. तो दोघांत मिसळून आला, तर संवाद वाढवायला संगीतही वाढवावे लागते, गोळीबारही वाढतो, आणि घरातला रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहतो. ज्या घरात आजी-आजोबा आहेत, तिथे हा फरक हेलिकॉप्टरच्या फरकापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

बरेच टीव्ही, विशेषतः जुने, कारखान्यातूनच पीसीएमवर का येतात? यामागे समजण्यासारखे कारण आहे. पीसीएम कोणतेही यंत्र वाजवू शकते. डॉल्बीचे किंवा डीटीएसचे गाठोडे ज्याला सोडता येत नाही अशा स्पीकरकडे पाठवले, तर शांतता पसरते किंवा नुसती खरखर ऐकू येते. शांत टीव्हीची तक्रार सेवा केंद्राकडे लगेच जाते. सपाट झालेल्या ध्वनीची कुठेच जात नाही, कारण काय गेले हे ऐकणाऱ्याला ठाऊकच नसते. कंपनीने स्वतःसाठी सुरक्षित पर्याय निवडला, यात गैर काही नाही. पण महागडा संच विकताना तो पर्याय बदलायचा असतो हे ग्राहकाला सांगितले जात नाही, हे नक्कीच गैर आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो 'ऑटो'चा. यंत्रे हुशार झाली आहेत, ऑटो ठेवा, ती आपसात ठरवतील, असे म्हणतात. एचडीएमआयच्या बाबतीत हे अर्धे खरे आहे. एचडीएमआयने जोडलेली यंत्रे एकमेकांना आपली क्षमता कळवतात आणि ऑटो त्या माहितीवर चालते. ऑप्टिकल वायर मात्र एकाच दिशेने वाहते. पलीकडे कोण बसले आहे, त्याला काय उलगडता येते, हे टीव्हीला कळण्याची सोयच तिच्यात नाही. त्यामुळे ऑप्टिकलवरचे ऑटो हा टीव्हीचा अंदाज असतो. एचडीएमआयवरही साखळीत टीव्ही मध्ये असला की गोष्ट फिसकटते. ब्लू-रे प्लेअर किंवा सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडलेला आणि टीव्ही साउंडबारला, अशी मांडणी असेल, तर बॉक्सला आधी टीव्हीची क्षमता दिसते. काही मोठ्या कंपन्यांनी २०१८ नंतरच्या आपल्या टीव्हींतून डीटीएसची सोय काढून टाकली होती. अशा टीव्हीमागे डीटीएस सोडता येणारा उत्तम साउंडबार ठेवला, तरी डीटीएसची डिस्क त्याच्यापर्यंत नीट पोचेलच असे नाही. उपाय साधा आहे. साउंडबारला किंवा रिसीव्हरला एचडीएमआयचे जादा इनपुट असेल, तर बॉक्स आणि प्लेअर थेट तिथे जोडावेत आणि टीव्हीला फक्त चित्र पाठवावे. ऑटो वापरायला हरकत नाही. त्याने काय निवडले ते एकदा तपासले पाहिजे, एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो जाणकारांकडून येतो. पीसीएम म्हणजे न दाबलेला ध्वनी, डॉल्बी डिजिटल म्हणजे दाबलेला. मग पीसीएम श्रेष्ठ नाही का? यात दोन गोष्टींची गल्लत होते. नेटफ्लिक्सवरून किंवा डीव्हीडीवरून येणारा ध्वनी मुळातच दाबलेला असतो. तो टीव्हीने सोडून पीसीएम म्हणून पाठवला, म्हणून गेलेले परत येत नाही. गाठोडे कुठे सुटले एवढाच फरक पडतो. ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ मात्र काहीही न गमावता बांधलेला असतो. तो प्लेअरने सोडून आठ प्रवाहांच्या पीसीएममध्ये एचडीएमआयने थेट रिसीव्हरकडे पाठवला काय, की बांधलेलाच पाठवून रिसीव्हरने सोडला काय, हाती येणारे आकडे सारखेच असतात. तिथे पीसीएम निवडणारा काही गमावत नाही, फक्त अ‍ॅटमॉस सोडून. कारण अ‍ॅटमॉसमध्ये आवाज खोलीत नेमका कुठून यावा याच्या सूचना सोबत असतात, आणि त्या साधारणपणे गाठोड्यासोबतच पुढे जातात.

कसोटीला अपवादही आहेत, आणि ते तिला बळच देतात. सीडीवरचे गाणे मुळातच दोन प्रवाहांचे पीसीएम असते, तिथे बांधण्या-सोडण्याचा प्रश्नच नाही. व्हिडिओ गेममध्ये ध्वनी आधी बांधून ठेवलेला नसतो. खेळणारा वळेल तसा तो त्या क्षणी तयार होतो. तो आधी डॉल्बीत बांधायचा आणि रिसीव्हरने पुन्हा सोडायचा, यात गुणवत्ता घटते आणि वेळही जातो. म्हणून कन्सोल एचडीएमआयने थेट रिसीव्हरला जोडलेला असेल, तर तिथे पीसीएमच योग्य. घरात ऑप्टिकलशिवाय वाट नसेल, तर उलटी तडजोड करावी लागते. ओटीटीचे डॉल्बी डिजिटल प्लस ऑप्टिकलवरून जात नाही, म्हणून टीव्हीला ते सोडून साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये पुन्हा बांधावे लागते, आणि त्यासाठी मेनूत डॉल्बी डिजिटल हा पर्याय निवडावा लागतो. यात थोडी गुणवत्ता जाते हे कबूल. पण सहा प्रवाह सहाच राहतात, आणि या व्यवहारात तेच अधिक मोलाचे आहे.

सामान्य कानाला एवढे कुठे कळते, असाही एक सूर असतो. सेकंदाला किती बिट आले याचा फरक बहुतेकांना ओळखता येत नाही, हे मी मान्य करतो. पण संवाद मधल्या स्पीकरमधून येतात की खोलीभर विरघळतात, हा फरक ओळखायला संगीताचा कान लागत नाही. याच आक्षेपाची दुसरी बाजू मात्र ग्राहकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. फरक कळत नाही म्हणणारेच कधी कधी नको ते महागडे यंत्र गळ्यात मारतात. अ‍ॅटमॉस हवे असेल तर ईएआरसीवाला, म्हणजे एआरसीच्या पुढच्या आवृत्तीचा, नवा टीव्हीच घ्यावा लागेल, हे विधान सरसकट खरे नाही. ओटीटीवरचे अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधून येते. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये ध्वनीची गुणवत्ता वाढवली, तेव्हा ५.१ साठी सेकंदाला ६४० किलोबिट आणि अ‍ॅटमॉससाठी ७६८ किलोबिट ही वरची मर्यादा ठरवली. एवढा प्रवाह २००९ पासून असलेल्या साध्या एआरसीतून सहज जातो, टीव्ही तो पुढे जाऊ देत असला की झाले. ईएआरसी २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आले आणि त्याची खरी गरज ब्लू-रेच्या ट्रूएचडीला किंवा अनेक प्रवाहांच्या पीसीएमला पडते. ज्यांच्या घरी डिस्क नाही, कन्सोल नाही, त्यांनी आधी मेनू पाहावा. याउलट काही ठिकाणी कोणतीही सेटिंग मदतीला येत नाही. घरोघरच्या टीव्ही-स्पीकरमधली नेहमीची ब्लूटूथ जोडणी दोनच प्रवाह वाहते. बाजारात '५.१' म्हणून मिळणाऱ्या अनेक स्वस्त संचांना ऑप्टिकल नसते, एचडीएमआय नसते, डॉल्बी उलगडण्याची सोयही नसते. तिथे खोकी सहा असतात आणि ध्वनी दोनच प्रवाहांचा. खोक्यावरचे वॅटचे मोठे आकडे वाचण्याआधी मागच्या बाजूला कोणती तोंडे आहेत, ते पाहणे शहाणपणाचे.

आमचा दिवाणखाना दहा बाय बाराचा, भिंतीपलीकडे शेजारी, इथे कसले सराउंड, हा शहरी महाराष्ट्राचा आक्षेप आहे आणि तो खरा प्रश्न मांडतो. चित्रपटगृहात प्रत्येक मुख्य प्रवाहाची संदर्भपातळी ८५ डेसिबल धरलेली असते आणि धमाक्यांना त्याच्यावर आणखी २० डेसिबलची मोकळीक असते. आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. चित्रपटगृहासाठी घडवलेला ध्वनी या घरात तसाच वाजवता येणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच तर गाठोडे न सोडता पुढे जाऊ द्यायचे. डॉल्बीच्या प्रवाहासोबत संवादांची सरासरी पातळी किती आहे आणि मोठे-लहान आवाज किती जवळ आणायचे, याच्या सूचनाही येतात. रिसीव्हरवरचा 'नाइट मोड' त्या सूचना वापरून धमाका दाबतो आणि कुजबुज उचलतो. टीव्हीने आधीच सगळे मिसळून टाकले, तर या सूचना बहुधा वाटेतच हरवतात. लहान घरात आवाजाचे अंतर जवळ आणणे आणि मधला प्रवाह थोडा उचलणे ही खरी सोय आहे. मोठ्या बंगल्यापेक्षा चाळीत किंवा टू बीएचकेत ती जास्त उपयोगाची. सोफा भिंतीला टेकलेला असेल, तर मागचे स्पीकर बाजूच्या भिंतींवर, कानांच्या किंचित मागे लावावेत. शिफारसही ऐकणाऱ्याच्या समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांची आहे, थेट पाठीमागची नाही. आणि टीव्हीचा व साउंडबारचा 'व्हर्च्युअल सराउंड' दोन्हीकडे चालू असेल, तर एक बंद करावा. दोघांनी एकाच ध्वनीवर संस्कार केले की संवाद पोकळ येतात.

मराठीत ५.१ चे कार्यक्रम आहेत तरी किती, असेही विचारले जाते. मालिका आणि बातम्या बहुतेक दोन प्रवाहांतच येतात आणि सत्तरच्या दशकातले आपले बहुतेक चित्रपट तर एकाच प्रवाहाचे, मोनो आहेत. त्यांना सहा स्पीकरांवर पसरवण्याचा हट्ट धरू नये. नाट्यगीताची जुनी ध्वनिमुद्रिका 'ऑल चॅनल स्टीरिओ'वर लावली, तर गायकाचा गळा खोलीच्या चार कोपऱ्यांतून येतो आणि गाण्याचा जीव जातो. अशा वेळी साउंडबारवर स्टीरिओ किंवा डायरेक्ट निवडावे. टीव्हीची ओळ बिटस्ट्रीमवर असली, तरी दोन प्रवाहांचा कार्यक्रम दोनच प्रवाहांत येतो, त्याचे काही बिघडत नाही. पण म्हणून मराठी प्रेक्षकाला ५.१ ची गरज नाही, असे म्हणणे आपल्याच कलावंतांवर अन्याय करणे आहे. २०१६ च्या 'सैराट' चित्रपटासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर झाले. ध्वनिमिश्रक एकेक आवाज कुठे ठेवायचा याचा आठवडेच्या आठवडे विचार करतात. ते काम प्रेक्षकाच्या दिवाणखान्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचते आणि मेनूतल्या एका न बदललेल्या ओळीपाशी चिरडले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विक्रेत्यांकडून आणि कंपन्यांकडून मागणी फार मोठी नाही. संच बसवायला येणाऱ्या माणसाने ५.१ चा एक नमुना लावून दाखवावा, प्रत्येक स्पीकरमधून आपापला आवाज येतो हे ग्राहकाला ऐकवावे, आणि मगच कागदावर सही घ्यावी. शीतकपाट बसवणारा ते गार होते की नाही पाहून जातो. तेवढीच अपेक्षा इथे आहे. मेनूतही 'पीसीएम' आणि 'पासथ्रू'च्या खाली मराठीत एकेक ओळ हवी: 'फक्त दोन प्रवाह जातील', 'मूळ ध्वनी जसाच्या तसा जाईल'. भाषा निवडायला मराठी दिली आहे आणि आतले शब्द मात्र फक्त तंत्रज्ञाला कळणारे, ही सोय अर्धवट आहे.

तोवर हे काम वाचकांनाच करावे लागेल. आज रात्री ओटीटीवर असा एक चित्रपट लावा, ज्याच्या नावापुढे ५.१ किंवा अ‍ॅटमॉस लिहिलेले आहे, आणि भाषेच्या यादीतही तोच प्रवाह निवडलेला असल्याची खात्री करा. मग साउंडबारच्या किंवा रिसीव्हरच्या पडद्यावर, पडदा नसेल तर त्याच्या अ‍ॅपवर किंवा रिमोटच्या 'इन्फो' बटणावर, काय येत आहे ते पाहा. डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस किंवा अ‍ॅटमॉस दिसत असेल, तर तुमचा संच त्याचे काम करतो आहे. पीसीएम २.० दिसत असेल, तर टीव्हीच्या मेनूतली ती ओळ उघडून पासथ्रू, बिटस्ट्रीम किंवा डॉल्बी डिजिटल निवडा आणि तोच प्रसंग पुन्हा ऐका. त्याआधी नवे स्पीकर घ्यायला बाहेर पडू नका.